कुत्र्याला हाडाचा कॅन्सर: पाय काढायचा का, किमो द्यायची का? अनुभव आणि माहिती हवी आहे

रेवा_नाशिक

नमस्कार मंडळी. आमचा बाजी, लॅब, आठ वर्षांचा, वजन ३२ किलो. पुढच्या डाव्या पायाने लंगडायला लागला तेव्हा वाटलं जिना उतरताना मुरगळला असेल, मग रक्तात गोचीड ताप निघाला म्हणून त्याचा पूर्ण कोर्स झाला, प्लेटलेट वर आल्या, ताप गेला, जेवायला लागला पण लंगडणं काही जाईना. मेलॉक्सिकॅम ही वेदनेची गोळी चालू असली की बरा, बंद केली की परत पाय वर धरून उभा. नंतर मनगटाच्या जरा वर कडक फुगवटा हाताला लागायला लागला, दाबलं की हात चाटायचा आणि पाय ओढून घ्यायचा.

एक्सरे काढला. डॉक्टरांनी स्क्रीनवर नीट दाखवलं, हाडाची बाहेरची रेघ तेवढ्या जागी पुसली गेलीये आणि तिथून बाहेर किरणं फुटावीत तसं नवीन हाड आलंय, पण शेजारचा सांधा मात्र स्वच्छ आहे. ऑस्टिओसार्कोमाची, म्हणजे हाडाच्या कॅन्सरची, दाट शंका आहे म्हणाले. छातीचे एक्सरे क्लिअर आहेत. बायोप्सी पाठवलीये, रिपोर्ट यायचाय.

पर्याय तीन दिलेत. खांद्यापासून पाय काढून नंतर किमो, नुसता पाय काढणं, किंवा काहीच न काढता वेदनेच्या गोळ्यांवर ठेवणं. घरात एकमत नाही. सासूबाई म्हणतात मुक्या जीवाचा पाय तोडून हाल कशाला करता, नवरा म्हणतो छाती क्लिअर आहे म्हणजे पाय काढला की विषय संपला. मला दोन्ही पूर्ण पटत नाहीये. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय की हे लहान मुलांना लागतं का, सोसायटीच्या ग्रुपवर पण त्याची चर्चा झाली. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा. धीर देण्यापेक्षा खरं काय ते सांगितलंत तर जास्त बरं वाटेल.

भटक्यांची_ताई

रेवा, आधी काकूंचं उत्तर देते. नाही लागत. माणसाला नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही नाही. कुत्र्यांमध्ये एक कॅन्सर खरंच एकमेकांना लागतो, टीव्हीटी म्हणतात त्याला, रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये मेटिंगमधून पसरतो, माणसाला तोही होत नाही. बहुतेक त्याचं कुठेतरी ऐकून लोक घाबरतात. ग्रुपवर हे एवढंच लिही आणि वाद घालत बसू नकोस.

त्या टीव्हीटीला आम्ही व्हिन्क्रिस्टिनची, म्हणजे किमोचीच, इंजेक्शनं देतो, दर आठवड्याला एक, आणि रस्त्यावरची मरतुकडी कुत्रीसुद्धा त्यातून उठून उभी राहतात. म्हणून किमो शब्द ऐकून लगेच घरातल्या माणसाचं टक्कल आणि उलट्या डोळ्यासमोर आणू नकोस. कुत्र्यांना डोस तसा बेतूनच देतात.

पाय काढण्याबद्दल. गाडीखाली आलेली किती कुत्री आमच्याकडे तीन पायांची झाली आणि वर्षानुवर्षं पळतायत. त्यांना आरशात बघायचं नसतं गं. आपल्याला बघवत नाही हा आपला प्रश्न आहे, तो खरा आहे, पण तो आपला आहे.

जनावरांचा_डॉक्टर

मी सातारा जिल्ह्यात प्रॅक्टिस करतो, गायी-म्हशी जास्त पण कुत्रीही बघतो. बाजीला तपासलेलं नाही त्यामुळे त्याच्याबद्दल निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. जनरल माहिती सविस्तर लिहितो कारण हा आजार लोकांना अर्धाच समजावला जातो.

कुत्र्यांच्या हाडात सुरू होणाऱ्या कॅन्सरमध्ये हाच सगळ्यात जास्त दिसतो. मोठ्या आणि राक्षसी आकाराच्या जातींमध्ये जास्त, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, आपल्याकडची लॅब आणि गोल्डनही. साधारण ७ ते १० या वयात, पण दीड-दोन वर्षांच्या कुत्र्यातही दिसतो. पुढच्या पायात कोपरापासून लांबच्या टोकांना म्हणजे खांद्याजवळ किंवा मनगटाच्या वर, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. बाजीची जागा अगदी नेहमीची आहे.

आता रेवाताई, तुमच्या घरातल्या दोन्ही मतांबद्दल. इथे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवले की निर्णय सोपा होतो. पायातली गाठ ही वेदना आहे. आतून हाड खाल्लं जातंय, वरून हाडाचं आवरण ताणलं जातंय, त्याच्या वेदना फार भयानक असतात, आणि कुत्रं ओरडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. पाय टाकत नाही हेच त्याचं ओरडणं. म्हणजे पाय काढणं हे हाल करणं नाही, आत्ता जे हाल चालू आहेत ते थांबवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. सासूबाईंना हे सांगा.

आणि मिस्टरांना हे, की पाय काढल्याने आजार गेला असं होत नाही. निदान होतं त्या दिवशी छातीच्या एक्सरेत गाठी दिसणारी कुत्री शंभरात १०-१५ पेक्षा कमी असतात, पण न दिसणाऱ्या बारीक पेशी सुमारे ९०% कुत्र्यांमध्ये तोपर्यंत फुप्फुसात पोचलेल्या असतात. एक्सरेत अगदी बारीक, काही मिलिमीटरची गाठ दिसतच नाही. तेव्हा क्लिअर याचा अर्थ 'दिसण्याइतकं मोठं काही नाही' एवढाच. आयुष्य किती हे पाय नाही, फुप्फुस ठरवतं, आणि किमो त्यासाठी असते.

आकडे विचाराल तर, नुसता पाय काढला तर मध्यक ४ ते ५ महिने. पाय काढून किमो दिली तर १० ते १२ महिने. मध्यक म्हणजे निम्मी कुत्री याच्या आत जातात आणि निम्मी याच्या पुढे जगतात, किमो घेतलेल्यांपैकी साधारण पाचातलं एक दोन वर्षं ओलांडतं. बरं होणं हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. रक्तात अल्कलाईन फॉस्फेटेज म्हणजे एएलपी वाढलेलं असेल तर अंदाज जरा कमी धरायचा, खांद्याजवळच्या गाठीतही तसंच. ऑपरेशनच्या आधी एएलपी केलं नसेल तर करून घ्या.

अजून एक. दुसरे तीन पाय नीट तपासले का विचारा. कंबर, गुडघे, पाठ. तीन पायांवर चालायचं तर ते तीन चांगले हवेत. पुढचे पाय शरीराचं साधारण ६०% वजन घेतात त्यामुळे पुढचा पाय गेला की सुरुवातीला जड जातं, पण लॅब करतात मॅनेज. वजन मात्र वाढू द्यायचं नाही. आणि गोचीड ताप नुकताच होऊन गेलाय, तर किमोच्या आधी प्लेटलेट परत बघितल्याशिवाय सुरू करू नका, किमोने त्या अजून उतरतात.

आबा_कोल्हापूर

पोरी वाईट वाटलं वाचून. आमच्या शेतावरच्या कुत्र्याला पाय सुजला होता तेव्हा महानारायण तेलाने रोज मालिश केलं, शेक दिला, आणि भाकरीतून हळद. उतरली सूज. ऑपरेशनच्या आधी महिनाभर करून बघायला हरकत नाही असं वाटतं. कापाकापी नंतरही करता येते.

जनावरांचा_डॉक्टर

आबा, तुमच्या कुत्र्याला मार लागून सूज असेल तर ती उतरली असेल, नाही म्हणत नाही. इथे मात्र मालिश अजिबात नको. त्या जागचं हाड आतून पोकळ झालेलं असतं, जोर दिला किंवा नुसती सोफ्यावरून उडी मारली तरी मोडू शकतं, आणि कॅन्सरच्या जागी मोडलेलं हाड प्लास्टर घालून जुळत नाही. तेल लावलं की कुत्रं चाटणार, पोट बिघडणार. जेवणात चिमूटभर हळदीने काही बिघडत नाही पण त्याच्यावर महिना घालवू नये, या आजारात महिना फार मोठा असतो.

सगळ्यांनाच सांगतो, घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक कुत्र्याला देऊ नका. पोटात अल्सर होऊन रक्त जातं, किडनी जाते. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक आपल्याकडे २००६ मध्ये बंद झालं ते वेगळ्या कारणाने, औषध दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपत आली होती, पण कुत्र्यालाही ते नकोच. मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब यातलं एकच, डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये, आणि त्याच्याबरोबर स्टेरॉईड कधीही नाही. जोडीला गॅबापेंटिन चालते. ट्रामाडोल बरेच जण लिहून देतात पण कुत्र्यात एकट्या त्याचा भरवसा धरू नये.

आबा_कोल्हापूर

समजलं डॉक्टर. मालिशचं मागे घेतो. बाजीला आशीर्वाद.

फोर्टकॉलिन्सकर

कोलोरॅडोतून लिहितोय. इथे आमच्या गावात कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी आहे आणि त्यांचं फ्लिंट अ‍ॅनिमल कॅन्सर सेंटर, कुत्र्याचा पाय न काढता फक्त कॅन्सरचं हाड काढून त्या जागी दुसरं हाड किंवा धातू बसवायची सर्जरी यांनीच पुढे आणली. बायकोच्या मैत्रिणीच्या ग्रेहाउंडवर झाली म्हणून जवळून पाहिली. मनगटाच्या वरची जागा त्यासाठी सगळ्यात योग्य मानतात म्हणून रेवा तुम्हाला कुणीतरी हा पर्याय सुचवेल, तर दुसरी बाजूही सांगतो. जवळपास निम्म्या केसेसमध्ये इन्फेक्शन होतं, महिनोन्महिने अँटिबायोटिक, कधी शेवटी पाय काढावाच लागतो. गंमतीची नाही पण खरी गोष्ट अशी की ज्यांना इन्फेक्शन झालं ती कुत्री जास्त जगलेली दिसली, शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते म्हणून असेल असं इथले डॉक्टर मानतात. आयुष्य मात्र दोन्ही सर्जरीत सारखंच, कारण वर डॉक्टरांनी लिहिलंय तेच, फुप्फुस.

रेडिएशनचंही थोडं. पाय काढणं शक्य नसेल तेव्हा वेदना कमी करायला मोजके मोठे डोस देतात, चारातल्या तीन कुत्र्यांना आराम पडतो, काही महिने टिकतो. भारतात जनावरांसाठी ही सोय फार कमी ठिकाणी आहे, तेव्हा मुंबईत चौकशी करूनच प्लॅन करा. आणि नेटवर सिरोलिमसच्या गोळीबद्दल वाचाल, मोठा अभ्यास झालाय इथे, किमोनंतर ती दिल्याने फायदा दिसला नाही. तिच्यामागे पैसे घालवू नका.

मृण्मयी७

मी वेगळा रस्ता घेतला होता म्हणून लिहिते. आमची गौरी, ग्रेट डेन, गाठ खांद्याजवळ आणि मागचे दोन्ही पाय आधीच कमरेतून गेलेले. तिला तीन पायांवर उभं करणं शक्यच नव्हतं. आम्ही गोळ्या आणि दर महिन्याला पॅमिड्रोनेटचं सलाईन यावर ठेवली. हे औषध हाड खाल्लं जाणं कमी करतं, त्याने वेदना कमी होते, कॅन्सर बरा होत नाही. सलाईन हळूहळू दोन-अडीच तास चालायचं, आधी किडनीचं रक्त तपासायचे. तिला नक्की फरक पडला, शेपूट हलवत दारापर्यंत यायला लागली होती.

मग एका रात्री पाणी प्यायला उठली आणि पाय मोडला. तो आवाज आणि ती किंकाळी. आमचे डॉक्टर आले आणि तिथेच तिला कायमचं झोपवलं, आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, ती शांत झाली आणि मग दुसरं. आम्हाला वेळ लागला नाही कारण हे आधीच बोलून ठेवलं होतं. म्हणून ज्यांनी पाय न काढण्याचं ठरवलंय त्यांना माझी कळकळीची विनंती, रात्री दोन वाजता कोण येणार, कुणाला फोन करायचा, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा. लादीवर सगळीकडे मॅट टाका, जिना बंद, गाडीत उचलूनच.

आणि पैशाबद्दल कुणी लाजू नका. किमो परवडत नाही म्हणून जो फक्त पाय काढतो आणि पुढचे चार महिने वेदनेशिवाय देतो त्याने कमी प्रेम केलेलं नसतं.

रेवा_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आला, ऑस्टिओसार्कोमाच. एएलपी नॉर्मल, मागचे पाय चांगले, पोटाची सोनोग्राफीही क्लिअर. डॉक्टरसाहेबांची ती पोस्ट मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, त्याला दुखतंय हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी कशाला नाही म्हटलं असतं. मुंबईत ऑपरेशन करून घेतलं.

पुढच्यांच्या उपयोगासाठी लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतः उठून उभा राहिला, छातीखालून माझी ओढणी घालून आम्ही आधार दिला होता पण चार पावलांनंतर ती नुसती लोंबत होती. जखम बघून मात्र मन घट्ट करावं लागतं, खांद्यापासून छातीपर्यंत लांब टाके आणि खाली पोटापर्यंत कातडी काळी-जांभळी, पाणी साठून मऊ फुगवटा आला होता तो आपोआप जिरला. रात्री दचकून रडत उठायचा, नसलेल्या पायाची वेदना असते म्हणाले, गॅबापेंटिन वाढवल्यावर थांबलं. आमच्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर योगा मॅट जोडून हॉलपासून बाल्कनीपर्यंत रस्ताच केलाय आणि तो मुकाट्याने त्या रस्त्यानेच जातो. पाण्याचं भांडं उंच स्टुलावर ठेवलं, खाली वाकला की तोंडावर पडत होता.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चेहरा. कपाळावर कायमची आठी होती ती गेली. ती आठी होती हेच आम्हाला ती गेल्यावर दिसलं.

आता टाके निघालेत, किमोचं औषध कार्बोप्लॅटिन सुरू करायचंय. भीती वाटतेच. काय काय विचारून घेऊ?

जनावरांचा_डॉक्टर

छान बातमी. डोस किलोवर नाही, शरीराच्या पृष्ठभागावर काढतात, चौरस मीटरला ३०० मिलिग्रॅम. ३२ किलोचं कुत्रं जवळपास बरोबर १ चौरस मीटर भरतं, म्हणजे बाजीला साधारण ३०० मिलिग्रॅम. आपल्याकडे माणसांसाठीच्या १५० आणि ४५० मिलिग्रॅमच्या बाटल्या मिळतात, दोन १५० च्या पुरतील. जेनेरिक घेतलं तर औषध तितकं महाग पडत नाही, खर्च तपासण्या, हॉस्पिटल आणि येण्याजाण्याचा जास्त. दर २१ दिवसांनी, एकूण ४ ते ६ वेळा. प्रत्येक वेळी आधी सीबीसी म्हणजे रक्तपेशींची तपासणी, पांढऱ्या पेशी कमी असतील तर आठवडाभर पुढे ढकलतात, त्याने घाबरू नका, ते बरोबरच आहे.

कुणी डॉक्सोरुबिसिन सुचवलं तर आधी हृदयाची टूडी इको हवी, आणि ते शिरेबाहेर गळलं तर मांस जळतं, तेव्हा सलाईनची सुई लावण्यात हात बसलेलं माणूस पाहिजे. सिस्प्लॅटिन किडनीवर जड आहे. म्हणून बहुतेक ठिकाणी कार्बोप्लॅटिनच.

घरी काय बघायचं. पहिले तीन-चार दिवस मळमळ, जेवण कमी, कधी जुलाब. त्यासाठी मॅरोपिटंट किंवा ऑन्डान्सेट्रॉन आधीच घरी आणून ठेवा. केस लॅबचे जात नाहीत, मिशा गळतील. पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली येतात त्या साधारण १० ते १४ दिवसांच्या मधे, तेव्हा थर्मामीटर हाताशी ठेवा. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ असतं, १०३ च्या वर आणि मलूल असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना. त्या काळात कच्चं मांस, कच्चं अंडं नको, सगळं शिजवून.

औषध लघवी-शीतून बाहेर पडतं. दोन-तीन दिवस हातमोजे घालूनच साफ करा, लघवीवर भरपूर पाणी ओता, शी पिशवीत बांधून टाका. घरात कुणी गरोदर असेल तर तिने त्या दिवसांत याला हात लावू नये.

छातीचे एक्सरे दर दोन-तीन महिन्यांनी, तीन बाजूंनी. फुप्फुसात गाठी आल्या तरी बरेच दिवस खोकला नसतो, म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. आणि पुढे कधी पायांना एकदम सूज आली तर छातीचा एक्सरे लगेच, कारण तिथल्या गाठीने पाय सुजतात.

मृण्मयी७

रेवा, आठीचं वाचून रडले. एक गोष्ट करायला सुरुवात कर आत्ताच, तो चांगला असताना. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन व्हेटने एक मोजमाप केलंय, वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात गोष्टींना ० ते १० गुण द्यायचे. ३५ च्या वर असेल तर ठीक चाललंय असं धरतात. रविवारी घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळे गुण लिहायचे आणि मग ताडून बघायचे. पुढे निर्णय घ्यायची वेळ आली की एकट्या माणसावर येत नाही.

रेवा_नाशिक

करते. पहिली किमो झाली. सलाईन वीसेक मिनिटांचंच होतं, तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. दुसऱ्या दिवशी जेवला नाही, मग पेज आणि पनीर खाल्लं. आज सकाळी वरच्या काकूंनी त्याला बिस्किट दिलं, तो डाएटवर आहे म्हणून मी अर्धं काढून घेतलं.

सातपुड्याचा_वारा

धागा पूर्ण वाचला, एक घाईचा प्रश्न. आमची जर्मन शेफर्ड, साडेसहा वर्षं, मागचा उजवा पाय, गुडघ्याच्या वर सूज, तीन आठवडे लंगडतेय. गावात एक्सरे नाही, अकोला किंवा नागपूरला न्यावं लागेल. दहा दिवस औषध घेऊन बघा असं सांगितलंय. थांबू का?

जनावरांचा_डॉक्टर

थांबू नका. गुडघ्याची दोरी म्हणजे लिगामेंट तुटलं असेल, बुरशीचं किंवा दुसरं इन्फेक्शन असेल, काहीही असू शकतं, पण त्या वयात त्या जागी सूज असेल तर एक्सरेशिवाय पुढे जायचं नाही. समोरून आणि बाजूने असे दोन व्ह्यू, आणि पूर्ण मांडीचं हाड यायला हवं, नुसता गुडघा नको. हाडात काही दिसलं तर तिथेच छातीचेही काढून घ्या म्हणजे दोनदा प्रवास नको. नेताना चालवू नका, चादरीत उचलून ठेवा, आणि निघण्याआधी कुठली गोळी कधी दिली ते कागदावर लिहून न्या. फोटो इथे टाकलात तर बघतो.